सुयोगच्या जागी माझं नाव

जोगेश्वरी (पूर्व)
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

चि. जानकी,

अनेक आशीर्वाद. तू आणि छोटी नीलम बऱ्या असाल. आम्ही इथे ठीक आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. सुयोगचे बाबा जेवतात, टीव्ही लावतात, बघत मात्र नाहीत. यंदा घरात गणपती आणला नाही. समोरच्या बिल्डिंगमधली आरती सुरू झाली की हे उठून खिडकी लावायचे.

फोनच करणार होते. पण तू उचलत नाहीस, आणि उचललास तर मला रडू फुटेल, मग बोलायचं राहूनच जाईल. म्हणून पत्र. सुयोगबरोबर शेतावर यायचा तो प्रीतम उद्या तुमच्याकडे रिकामे क्रेट पोचवायला येतोय, त्याच्या हाती देते. तू दहावी झालेली आहेस, माझं अक्षर लावशील.

आधी कामाचं. मला तुमच्या शेताचं सभासद व्हायचंय. सुयोगच्या जागी माझं नाव घाल. नलिनी जयवंत परब. पुढच्या हंगामाचे पैसे प्रीतमजवळ दिलेत.

काकूंचं डोकं फिरलं असं म्हणशील. घरातही सगळे तेच म्हणतात. सुयोगचे बाबा तर म्हणाले, "त्या शेतातली काडी माका घरात नको." मी म्हटलं, तुम्ही खाऊ नका, मी एकटी खाईन.

तुला ठाऊकच आहे, सुयोगने हे सुरू केलं तेव्हा सगळ्यात जास्त कटकट मीच केली होती. हंगामाचे पैसे आधी भरायचे, मग दर शनिवारी टेम्पोतून जे येईल ते मुकाट घ्यायचं, ही कुठली पद्धत? एकदा तर लागोपाठ दुधीच येत होता. दुधीची भाजी, दुधीचं थालीपीठ, दुधीचा हलवा. मी म्हटलं, "मेल्या, पैसे भरून दुधी खातोयस, मंडईत काय आग लागली होती?" तर हसायचा. "आई, मंडईत आपण गिऱ्हाईक. इथे आपण भागीदार. पिकलं तर आपलं, कुजलं तरी आपलं." हे तुझ्या नवऱ्याचंच वाक्य. पहिल्या मीटिंगला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर धोंडिराम उभा राहून म्हणाला होता, की शेतकऱ्याचं नुकसान एकट्या शेतकऱ्याने का सोसायचं, सगळ्यांनी मिळून सोसायचं. सुयोगला ते भारी आवडलं. मला वाटलं, काय गोड बोलून गळ्यात मारतोय बघा.

आणि मग हंगामात एक रविवार शेतावर जाऊन काम करायचं, तो तुमचा नियम. अंधेरीतल्या एसी ऑफिसात बसणारा माझा मुलगा निंदायला जायचा. एक रविवार सांगितला असताना चार-चार रविवार जायचा. परत आला की नखांत माती. बाथरूमची वाट लागायची.

प्रीतम म्हणाला, आता निम्मे सभासद सोडून गेलेत. भेंडी शेतात जून होतेय, काकड्या पिवळ्या पडून वेलावरच सडतायत, टेम्पो भरत नाही. तुमच्या त्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून सुयोगचा नंबरही कुणीतरी काढला. त्याचा फोन मी चार्ज करून ठेवते, त्यावर दिसलं. माणूस गेल्यावर रेशनकार्डावरचं नाव काढायला महिने जातात, आणि इथे लगेच काढलं. खूप लागलं गो मला ते. कुणी काढलं ते विचारत नाही.

हे सगळं लिहितेय, पण जे लिहायचंय ते बाजूलाच राहतंय. तुला कळतंय ते.

प्रीतमजवळ तू निरोप पाठवलास, "काकूंना सांग, जबाबात यांना सांभाळून घ्या." बुधवारी मला पोलीस स्टेशनला बोलावलंय. आमचे सीताराम भावोजी रोज येऊन बसतात, सोडू नको त्याला म्हणतात. मी अजून कुणालाच काही बोललेली नाही. तुलाच पहिल्यांदा सांगते.

मला काय सांगितलंय सगळ्यांनी? निंदून झालं, पाय चिखलाने भरले, म्हणून सुयोग शेततळ्यावर पाय धुवायला गेला. तळं काठोकाठ भरलेलं, आत प्लास्टिक अंथरलेलं, त्यावर शेवाळ. पाय सरकला. तुमच्यातलं कुणी तिथे पाय धुवायला गेलं नसतं. नळाखाली धुतात तसे तो तळ्यावर धुवायला गेला. मुंबईचं पोर. पोहता येत होतं त्याला, म्युनिसिपालिटीच्या तलावात शिकला होता. पण त्या प्लास्टिकवर हाताला काही लागतच नाही म्हणे. माणूस काठाशी येतो आणि परत घसरतो. नशीब, अपघात, सगळे हेच बोलले. बाराव्याला आलेली माणसं पण हेच बोलली.

पण जानकी, जूनमध्ये तुमच्याकडून आल्यावर तो ओट्याशी उभा राहून माझ्याबरोबर गवार निवडत होता. तेव्हा म्हणाला, "आई, त्यांच्या तळ्याला दोर नाही गं. मी धोंडिरामदादाला सांगितलं, चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर सोडा, टायरची ट्यूब टाका, कुंपण घाला. तर म्हणतो, पाऊस सरू दे, मग बघू." मी म्हटलं, त्यांचं शेत, त्यांना कळतं, तू कशाला शहाणपणा शिकवतोस.

हे त्याने मला एकटीला सांगितलं. प्रीतमला नाही, त्याच्या बाबांना नाही. धोंडिरामला ठाऊक आहे आणि मला. मी गप्प बसले तर अपघात. मी बोलले तर तुझ्या नवऱ्यावर केस.

रोज सकाळी चहा ठेवताना वाटतं, गप्प बसावं. तुझं तोंड डोळ्यासमोर येतं. तू सुयोगला भाऊ म्हणायचीस, त्याच्यासाठी तांदळाची भाकरी बांधून द्यायचीस. आणि धोंडिराम काही राक्षस नाही. आळस केला त्याने. आपण सगळेच उद्यावर टाकतो. माझ्या गॅसची नळी वर्षभर बदलायची राहिलीय. मग दुसऱ्या क्षणाला असा संताप येतो की वाटतं, तिथे येऊन त्याची गचांडी धरावी आणि विचारावं, दोराला असे कितीसे पैसे पडत होते रे? माझा पोरगा तुझ्या पावसाइतकाही किमतीचा नव्हता?

परवा प्रीतमला विचारलं, आता तरी दोर बांधला का? तो खाली बघायला लागला. नाही बांधला. तळ्याच्या बाजूने कुणी जातच नाही म्हणाला, धोंडिराम तर तिकडे तोंडसुद्धा वळवत नाही. आणि तुझी नीलम तिथेच कोंबड्यांच्या मागे धावत असते. अगं बाये, तुला झोप कशी लागते?

म्हणून ठरवलं. बुधवारी मी सगळं सांगणार आहे. त्याने सांगितलं होतं, धोंडिरामने ऐकलं नाही, हे सांगणार. तू मला शिव्या देशील. दे. तुझ्या जागी मी असते तर मीही दिल्या असत्या.

दुसरंही सांगणार आहे. हॉस्पिटलात तू चादर गुंडाळून कोपऱ्यात बसली होतीस. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, मला वाटलं, ही अशी काय बसलीय, लाज नाही का हिला. नंतर प्रीतमने सांगितलं. दोर सापडेना, तेव्हा तू अंगावरची साडी सोडून तळ्यात टाकलीस, आणि सगळ्या बाप्यांसमोर परकरावर उभी राहून ओढत होतीस. सुयोगने पदर धरला होता. तू निम्म्यापर्यंत ओढून आणलंस त्याला, मग साडी फाटली. डॉक्टरांनी मला त्याचं घड्याळ दिलं आणि मुठीत होता तो तुकडा दिला. हिरवा, बारीक फुलांचा. मला कळेना हे काय. तो माझ्या कपाटात आहे. बुधवारी बरोबर नेणार आहे. माझ्या लेकाला शेवटी कुणाचा तरी हात लागत होता, हेही लिहून घ्या म्हणणार आहे. त्यांच्या कागदात बसो न बसो.

मग सभासद कशाला होते, असं विचारशील. गप्प राहून तुमची भाजी खाल्ली असती तर ती घशाखाली उतरली नसती. खरं बोलून खाईन. धोंडिरामवर जे यायचं ते येईल, पण तू आणि ती पोर शेतावर राहणारच आहात, आणि काकड्या काही कोर्टाची तारीख बघून पिकत नाहीत. सुयोग असता तर भाजी सडू दिली नसती. तेवढंच मला करता येतंय. माझा कामाचा रविवार मात्र मागू नकोस. तिथे पाय ठेवणं मला या जन्मात जमेल असं वाटत नाही.

शनिवारी टेम्पो पाठव. जे असेल ते पाठव, दुधी असला तरी चालेल. मी गेटवर उभी असेन. धोंडिराम स्वतः आला तर त्याला सांगून ठेव, काकूंच्या पाया पडायला वाकू नकोस, माफी मागू नकोस, तोंडाकडे बघू नकोस. पिशवी भर आणि जा.

सुयोगची आई