झाकणाएवढं वर्तुळ

सॅन अमारो, कॅलिफोर्निया
ता. २६ एप्रिल २०११

चि. लुसिंडा हिस मावशीचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर तू रडतेस आणि मी ओरडते, म्हणून हे पत्र. इकडे सगळी बरी आहेत. माझे गुडघे सोडून, पण त्यांना आता कोण विचारतंय!

मुकुटाची तयारी जोरात आहे. चाळीस वर्षं तुझी आजी आपल्या पोर्तुगीज चर्चच्या टोपीत नावाची चिठ्ठी टाकत होती, ती गेल्या वर्षी एकदाची निघाली. आता ९ मेपासून आठवडाभर पवित्र आत्म्याचा मुकुट आपल्या घरी! आई शहाऐंशीची झाली, पण अंगात नुसतं वारं शिरलंय. पुढच्या खोलीतला सोफा तिनं अंगणात काढायला लावला, मखर तिथेच हवं म्हणे. रोज संध्याकाळी जपमाळ, आणि रविवारी अख्ख्या गावाला सोपाश, पावावर ओतलेला मांसाचा रस्सा. बटाट्याच्या पोत्याएवढा पुदिना लावून ठेवलाय. गोड पाव मात्र तुझ्या हातचा. मी मळला की वीट होते, हे तू लहानपणापासून सगळ्यांना सांगत आली आहेस.

सिल्वेरांचा तो टकला मुलगा तुझी चौकशी करत होता. टक्कल सोडलं तर माणूस वाईट नाही. दुधाचे नमुने तपासत म्हातारी होणार आहेस का?

आणखी एक. तुझा अव्हेलिनो मामा जानेवारीत तुरुंगातून सुटला, हे तुला माहीतच आहे. अल्डर वेलच्या मोटेलात राहतो. आई त्याच्याशी रोज फोनवर बोलते. तुला नाव काढलेलं आवडत नाही, म्हणून इथेच थांबते.

जेवत जा. माझ्यावर रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझी,
देओलिंडा मावशी


मार्लो
ता. ३० एप्रिल

ती. मावशीस लुसिंडाचा सा. न. वि. वि.

मुकुटाचं वाचून इतका आनंद झाला की प्रयोगशाळेत सगळ्यांना सांगत सुटले. कुणाला काही कळलं नाही ते सोड. मी आठवडाभराची रजा टाकली आहे. शनिवारी रात्रीच पीठ भिजवू, रविवारी पहाटे भट्टी लावू. अंडी मीच आणते, तू आणलीस की दोन फुटतात. आजीला सांग, मखराची फुलं माझ्याकडे. त्या टकल्याला माझ्याकडून नमस्कार, दुरूनच.

पण मावशी, शेवटचा परिच्छेद का लिहिलास? नुसता कळवायला तू काही लिहीत नाहीस, मी तुला ओळखते.

मी अकरा वर्षांची असताना त्यानं गोठ्यामागच्या खोलीत माझं काय केलं, ते तुला पुन्हा सांगायला नको. आई गेल्यावर तूच मला वाढवलंस, कोर्टात तूच माझा हात धरून बसलीस. सुटकेची नोटीस आली तेव्हा त्याला लांब ठेवण्याच्या अर्जावर सही करायलाही तूच मला घेऊन गेलीस. मी ज्या घरात राहते तिथून पस्तीस मैलांच्या आत त्यानं राहायचं नाही. घरी येऊन तू नकाशा टेबलावर पसरलास, सोपाशच्या पातेल्याचं झाकण मार्लोवर उपडं ठेवलंस आणि पेन्सिल फिरवलीस. म्हणालीस, बघ, सॅन अमारो आत आलं, आता आपलं घर तुझं. झाकण मापाचं नव्हतं, हे दोघींनाही माहीत होतं. तरी त्या रात्री मी पहिल्यांदा सलग झोपले.

काय असेल ते सरळ लिही. आजीला माझे पापे. लोभ आहेच, तो तसाच राहू दे.

तुझी,
लुसी


सॅन अमारो
ता. ४ मे

चि. लुसिंडा हिस अनेक आशीर्वाद.

सरळ लिही म्हणालीस, लिहिते. तीन कागद फाडून झाले.

आईला तो रविवारी जेवायला हवाय. मी नाही म्हटलं. रोज म्हणते. ती म्हणते, मुकुट घरात असताना दार लावायचं नसतं, येईल त्याला वाढायचं असतं, वाटसरूला वाढायचं आणि पोटच्या पोराला नाही, हे कुठलं शास्त्र? मी म्हटलं, कायदा आहे. तेव्हा तिनं त्यालाच त्याच्यावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला विचारायला लावलं. मला वाटलं, सुटले, तो काही हो म्हणायचा नाही. तर अधिकारी म्हणाला की माणसानं झोपायचं कुठे ते कायदा सांगतो, जेवायचं कुठे ते नाही. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच अशी परवानगी दिली. अट एकच, तू घरात नसायचंस. त्यानं तुझ्यासमोर यायचं नाही, हा हुकूम अजून आहे.

म्हणजे लुसी, फक्त तो एक दिवस. बाकीचा आठवडा सगळा तुझा. पाव शनिवारीच भाजून ठेवू. तू समजूतदार आहेस, लहानपणापासून आहेस. म्हणून तर तुलाच सांगावं लागतं, आणि हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते.

रागाव, पण पत्र टाक.

मावशी


मार्लो
ता. ७ मे

ती. मावशीस सा. न.

मीही त्या अधिकाऱ्याला फोन केला. फार सभ्यपणे बोलला. म्हणाला, तुमच्या घरापासूनचं अंतर पाळलं जातंय, मुक्काम अल्डर वेललाच आहे, एका दिवसाची भेट माझ्या अखत्यारीत येते, आणि वृद्ध आईचा विचार करावा लागतो. मी विचारलं, माझा कुणी केला? तर म्हणाला, केला ना, म्हणूनच तुम्ही तिथे नसण्याची अट घातली आहे. वर मला शुभेच्छा दिल्या.

वा रे वा! गुन्हा त्यानं केला आणि घराबाहेर मी. ह्या एकाच दिवसासाठी आजीनं चाळीस वर्षं चिठ्ठ्या टाकल्या, आणि त्यातली निम्मी वर्षं चिठ्ठीची घडी मी घालून दिली.

एक लक्षात ठेव. मी आले तर त्याला उठावं लागेल. नुसती दारातून आत शिरले, तरी तो ताटावरून उठेल, नाहीतर सरळ परत तुरुंगात जाईल. दार उघडंच असणार ना? मग मी येणार. आजीला सांगून ठेव.

पीठ भिजवायला मी येत नाही.

लुसिंडा


सॅन अमारो
ता. ११ मे

चि. लुसी,

आशीर्वाद द्यायलाही हात धजत नाही.

मुकुट घरात आलाय. दार सताड उघडं आहे, सगळीकडे माणसं, आणि मी न्हाणीघरात कडी लावून हे लिहितेय.

तू ये. मी अडवणार नाही, तुला अडवायला मला तोंड कुठे आहे? मी त्याच्या बाजूची नाही गं. तो आला की त्याच्या हातात पेला द्यावा लागेल, हेच माझ्याच्यानं सहन होत नाही. पण आई रोज सकाळी विचारते, अव्हेलिनो येणार ना? आणि त्याच दमात विचारते, लुसी येणार ना? तिनं रविवारसाठी दोन ताटल्या बाजूला काढल्यात, निळ्या काठाच्या, शेजारीशेजारी. खटल्यानंतर ती त्याबद्दल एक अक्षर बोललेली नाही. तिला कळत नाही, की कळून घ्यायचं नाही, हे मला आजवर कळलेलं नाही.

तिनं मला वाढवलं, मी तुला वाढवलं. सांग ना लुसी, मी काय करू? खरंच सांग. जे सांगशील ते करते.

पाव मीच मळून बघितला. वीट झाली.

मावशी


मार्लो
ता. १६ मे

ती. मावशीस सा. न. वि. वि.

मी आले होते. तुला दिसले नसेन.

पांढरा झगा घातला होता, आजीनं शिवलेला. कालव्याच्या वळणावर गाडी उभी केली. तिथून दार दिसत होतं, कागदी फुलं, गाड्यांची रांग. पुदिन्याचा वास रस्त्यापर्यंत येत होता. पन्नास पावलं चालले असते, की संपलं असतं. मग आजी दारात आली. काठी न घेता आली होती. रस्त्याकडे बघत होती, आणि आत कुणाशी तरी बोलताना हसत होती. मी तिला इतकी हसताना बघितलेली नाही. माझ्यासाठीसुद्धा नाही.

पोलिसांच्या गाडीत बसणारा तिचा मुलगा तिला मुकुटासमोर दाखवायचा, हे माझ्याच्यानं झालं नाही. समजूतदारपणा म्हणू नकोस त्याला. पाय हललेच नाहीत.

परत घरी जावंसं वाटेना. मग मी गाडी दक्षिणेला घातली, सरळ अल्डर वेलला. हो, त्याच्या गावाला. जानेवारीपासून मी दुकानात जाते तेव्हा आधी रांगेतली तोंडं बघते, गाडीत बसण्याआधी मागची सीट बघते. वर्तुळात झोपायला बंदी, फिरायला नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण काल नऊ ते पाच तो नक्की नाही, अशी अख्ख्या खोऱ्यात एकच जागा होती. त्याच्या मोटेलसमोर बाकावर बसून मी पीच खाल्ले. रस्त्यानं चालले, मागे न बघता. किती हलकं वाटलं म्हणून सांगू! मग वाटलं, मी किती मूर्ख आहे, हलकं वाटायला मला कुठे यावं लागलं बघ.

साडेचारला उठले. तो हायवेनं परत येणार, म्हणून मी बदामाच्या बागांतून लांबच्या वाटेनं आले.

निळ्या काठाची माझी ताटली काढली होती का गं शेवटी?

आहे तसाच लोभ ठेव, मला दुसरं घर नाही.

लुसी


सॅन अमारो
ता. २० मे

चि. लुसी हिस मावशीचे अनेक, अनेक आशीर्वाद.

काढली होती. आईनं कुणाला त्या जागी बसू दिलं नाही. तो शेजारच्या खुर्चीवर बसला. मी वाढलं, त्याच्याकडे बघितलं नाही. रिकाम्या ताटलीतही आईनं रस्सा वाढायला लावला. गार झाला, मग मी कुत्र्याला घातला आणि मागच्या अंगणात बसून रडले.

तो पाचला गेला. जाताना आईनं त्याला विचारलं, जूनमध्ये माझ्या वाढदिवसाला येशील ना? आज अधिकाऱ्याचा फोन आला. म्हणाला, गेल्या वेळी काही अडचण आली नाही, तेव्हा ह्या वेळीही हरकत नाही, त्याच अटीवर. मग म्हणाला, नाताळाचंही आताच टिपून ठेवू का? मी हो म्हटलं नाही. नाही म्हणायचा अधिकार मला कुणी दिलाय?

वाढदिवस रविवारी येतो. त्या दिवशी कुठे जाणार आहेस ते आधी कळव. आईचं वाढून झालं की मी सोपाशचं पातेलं त्या झाकणासकट गाडीत घालून तुझ्याकडे येते. अल्डर वेलचा तो बाक दोघींना पुरतो का?

माझ्यावर माया असू दे, असेल तेवढी.

तुझीच,
मावशी