मोझॅकची खालची बाजू

६ जानेवारी
मलकापूरहून एसटीनं राजूर घाट चढून बुलढाण्यात पोचले. काय देखणी इमारत आहे! साठ वर्षांपूर्वीचं वाचनालय, काँक्रीटच्या जाळ्या, आणि वाचनकक्षभर मोझॅक: हिरवं सिमेंट, पांढऱ्या-काळ्या चिपा, मधे पितळी पट्ट्या. मी तर चपला काढूनच फिरले. माझ्याकडचं दुरुस्तीचं काम सोपं आहे. तडकलेले सहा चौकोन जुन्यासारखे भरायचे, बाकीच्याला हात लावायचा नाही. मिस्त्री भाऊराव सोनाळ्याचे, सत्तरीचे. ही फरशी त्यांच्या वडिलांनीच घातलेली.

१४ जानेवारी
ठिगळं कोरी चमकतात, शेजारी जुनी फरशी बिचारी कळकट दिसते. भाऊराव म्हणाले, ठिगळंच मंद करू. मला कुठला धीर! सगळीच घोटायला लावली. ते म्हणाले, मॅडम, ही आधीच पातळ होऊन राह्यली, अजून काऊन घासता? फरशी पातळ झाली की खालचं वर येतं, असं वडिलांनी बजावलं होतं म्हणे. माझं डोकंच फिरलं. मशीन चालू करा म्हटलं.

१७ जानेवारी
खिडकीजवळ पायांचे दोन तळवे उमटलेत. डाग समजून आणखी घोटलं, तर ठळक झाले. कुणी खालच्या बाजूनं फरशीला पाय टेकून उभं असल्यासारखे. भाऊरावांनी मशीन बंद केलं, हात जोडले आणि दुपारच्या गाडीनं गावाला गेले. गेले तर गेले!

१८ जानेवारी
मीच मशीन धरलं. मी सरकले की तळवेही सरकतात. अंगठ्याशेजारचं बोट लांब, माझ्यासारखं. भीती वाटतेय, फार. फरशी कोमट लागते. पायाखाली कागदासारखी—

१९ जानेवारी
मी खाली आहे. उजेड वरून येतो, हिरवा. भाऊराव परत आलेत, डोक्यावर त्यांचे तळवे दिसतात. वॉचमन गोपालला विचारतायत, इरामॅडम कुठी गेल्या? मी घसा फुटेस्तोवर ओरडले. ऐकू जात नाही.

२० जानेवारी
ते फरशी जाड करतायत. माझ्यासाठीच. मॅडम येतील तवा त्यायले तरास नको, म्हणाले. रडूच फुटलं. चौकोनामागून चौकोन माल ओततायत. वरचा उजेड जातोय—

चार उरले. ठोकतेय—

दोन.

ऐकलं! थांबले. गुडघे टेकले, कान लावला. भाऊराव, मी इरा, मी—

म्हणाले, हाय अजून खाली. गोपाल, माल आण बे, लवकर—