न हलवता भाजलेले पेरू

वहिनी,

काका तुला वहिनी म्हणायचे म्हणून आम्ही पोरंही वहिनीच म्हणायला लागलो, आणि आई म्हणायचं राहूनच गेलं. शाळेत नव्या आलेल्या बाई एकदा मला म्हणाल्या, उद्या आईला घेऊन ये. मी सांगितलं, आई नाही, वहिनी आहे. त्यांनी मला जवळ घेऊन डोक्यावरून हात फिरवला आणि स्वतःच्या डब्यातला लाडू दिला. घरी येऊन ही गोष्ट सांगितली तेव्हा तू इतकी हसलीस की पदरानं डोळे पुसावे लागले. माझी लेक मात्र मला आई म्हणते. तू गेलीस तेव्हा ती आपल्या अंथुर्ण्याच्या घरात रांगत होती, उंबरा ओलांडताना दर वेळी आपटायची. आज तिच्याविषयीच लिहायला बसलेय.

मागच्या आठवड्यात ती पुण्याहून आमच्याकडे काटेवाडीला आली. दोन बॅगा आणि एक ओव्हन. ओव्हन म्हणजे विजेची भट्टी, बेकरीत असते तशीच, फक्त ट्रंकेएवढी. तुझ्या जावयांनी तो गाडीतून उतरवला, ओट्यावर ठेवला आणि नुसतं माझ्याकडं बघितलं. चार दिवस माहेरपणाला आलेलं माणूस ओव्हन घेऊन येत नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. पण ती म्हणाली, "सुट्टी काढलीय," आणि आम्ही म्हणालो, "बरं झालं." मग मी तेच केलं जे तू केलं असतंस. तिच्या हाताला काम दिलं. तांदूळ निवडायला दिले, शेंगा फोडायला बसवलं, कपाटं आवरायला सांगितली. हे रोज झोपताना विचारायचे, "इचारलंस का?" मी म्हणायचे, इचारीन की. "कवा?" त्यांना काय, विचारायचं मला होतं. विचारलं आणि तिनं खरं सांगितलं, तर पुढं काय करायचं, याची मला भीती वाटत होती.

त्यातच भावानं पेरूचं क्रेट पाठवलं. आपल्या घरची रीत त्यानं अजून मोडलेली नाही, चांगला माल मार्केटला आणि डाग पडलेला बहिणीला. लेक म्हणाली, याचं मी एक गोड करते, एकाच भांड्यात होतं, काही त्रास नाही. तिनं पेरूच्या जाड फोडी केल्या, बियांचा गर काढून टाकला. माझ्या बिडाच्या कढईत त्या फोडी, चिरलेला गूळ, लिंबू आणि दालचिनीची पूड घालून गॅसवर जरा नरम केल्या. मग परातीत ज्वारीचं पीठ, ओट्स, शेंगदाण्याचं भरड कूट, गूळ आणि फ्रीजमधलं घट्ट लोणी घेतलं आणि मला म्हणाली, हे नुसतं बोटांनी चुरायचं. बोलता बोलता मी त्याचा गोळा करून टाकला. पिठाला हात लागला की मळायचंच, दुसरं माझ्या हाताला ठाऊक नाही. "आई, भाकरी नाही करायचीय," असं म्हणत तिनं तो गोळा पुन्हा मोडला, फोडींवर पसरला आणि आख्खी कढई ओव्हनमध्ये ठेवून अंघोळीला गेली.

वहिनी, मी किती वेळ बघत राहणार? आत गूळ रटरटत होता, कडेनं बुडबुडे येत होते, आणि माझ्या कानात तूच बोलत होतीस, "हात थांबवू नगं, खाली लागंल." पिठलं असो, खीर असो, तू उठलीस की पळी माझ्या हातात आणि हेच वाक्य. शेवटी मी दार उघडलं आणि उलथन्यानं कढई तळापासून सगळी हलवून घेतली. दोनदा. ती केस पुसत आली, तर आत शिरा तयार. वरचं खाली गेलेलं, खालचं वर आलेलं, कुरकुरीत काही उरलेलंच नाही. मला वाटलं हसेल. ती कढईकडं बघत म्हणाली, "तुला एक गोष्ट नुसती ठेवता येत नाही का गं?" आणि तिचा आवाज फाटला. शिऱ्यासाठी कोणी असं रडत नाही. तरीही मी विचारलं नाही. वाटीत शिरा वाढला आणि आम्ही दोघींनी तो गुपचूप खाल्ला. चवीला वाईट नव्हता, हे सांगायला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं पुन्हा सगळं मांडलं. या वेळी चुरा तिनंच केला आणि कढई आत ठेवल्यावर मला ओट्यापासून लांब खुर्चीत बसवलं. "पाऊण तास हात लावायचा नाही. उठायचंसुद्धा नाही," म्हणाली आणि स्वतः समोर फरशीवर बसली. निवडायला काही नाही, सोलायला काही नाही. भांडी घासलेली, दूध तापवलेलं. माझे हात मांडीवर नुसते पडलेले, आणि ते कुठं ठेवावेत हेच मला कळेना. स्वयंपाकघरात मी अशी कधी बसलेच नव्हते.

आणि मग मला अंथुर्ण्याचा तो दिवस दिसायला लागला. माझ्या लग्नाला वर्ष होत आलंय आणि मी पिशवी घेऊन एकटीच एसटीनं आलेय. त्या दिवशी दुधाचा टेम्पो आलेला नाही, सकाळचं सगळं दूध घरात पडून आहे. तू माझ्या हातातली पिशवी घेतेस, माझ्या तोंडाकडं बघतेस, सगळं ओळखतेस. ओळखलंस तू, मी शपथेवर सांगेन. आणि मला चुलीपुढं बसवून उलथनं हातात देतेस. "खवा करायचाय. हलवत ऱ्हा." मी हलवतेय. धुरानं डोळ्यांतून पाणी येतंय की कशानं, हे कोणी विचारत नाही. दूध आटतंय, दाटतंय, हात भरून आलाय. मी सांगायला तोंड उघडते, की सासरी हे माझ्याशी बोलतच नाहीत, महिना महिना बोलत नाहीत, ताट पुढं ठेवलं तरी मान वर करत नाहीत. तू म्हणतेस, "कडंचं खरवड, कडंचं." दिवस मावळायच्या आत हे मला न्यायला आले. तू त्यांना चहा दिलास, खव्याचा डबा माझ्या पिशवीत घातलास आणि फाट्यापर्यंत सोडायला आलीस. वाटेत माझी पिशवी तूच धरली होतीस. एसटी आल्यावर म्हणालीस, "डबा आडवा करू नगं."

तुझ्या बाजूनं विचार मी पुष्कळ केलाय. तू विचारलं असतंस तर उत्तर ऐकावं लागलं असतं, आणि ऐकून तू काय करणार होतीस? नवरा असला तरी आबांपुढं तुझं किती चालायचं, ते मी पाहिलंय. म्हणून तू मला दिवसभर तुझ्याजवळ बसवून घेतलंस. तेवढंच तुझ्या हातात होतं. हे मला कळतं, अगदी मनापासून कळतं. पण परवा त्या खुर्चीत बसल्यावर माझ्या हाताशी चूल नव्हती, उलथनं नव्हतं, लपायला काहीच नव्हतं. गूळ भाजल्याचा वास घरभर सुटला होता आणि लेक गुडघ्यांत हनुवटी घालून बसली होती.

मी म्हणाले, "तुला परत जायचंय का?"

"न्हाय." पुण्यात राहून तिची बोली पार बदललीय, पण त्या वेळी तोंडातून गावाकडचंच आलं.

"मग नगं जाऊ."

तिनं गुडघ्यांतली हनुवटी वर केली. "बाबा काय म्हणतील?"

"त्यांचं मी बघते."

मग ती बोलली. काय बोलली ते इथं लिहीत नाही, ते तिचं आहे. बोलताना ती मध्ये एकदा उठली, ओव्हनमध्ये डोकावली आणि परत येऊन बसली. मी उठले नाही. कढई बाहेर आली तेव्हा वर तांबूस चुरा झाला होता, चमचा मारला की करकर वाजणारा. खाली फोडी मऊसूत, कडेनं गुळाचा पाक जरासा करपलेला. लागलं होतं खाली, वहिनी, थोडंसं लागलंच होतं. ते खरवडून खाल्लं तर सगळ्यात चविष्ट तेच निघालं.

संध्याकाळी हे गोठ्यातून आले. मी वाटी पुढं ठेवली आणि सरळ सांगितलं, "लेक आता परत जायाची न्हाय." हे गप्प झाले. त्यांचं ते जुनं गप्प बसणं मला चांगलं ओळखीचं आहे. हल्ली हे एवढे बोलतात की थांबवावं लागतं, पण त्या घटकेला मला तेव्हा न्यायला आलेले, एसटीत शेजारी बसलेले तिशीच्या आतले हे दिसले. वाटी संपली, चमचा खाली ठेवला. मग लेकीला हाक मारून म्हणाले, "आगं, कडंचं करपल्यालं असंल तर वाढ की मला. आन् ह्यो तुझा वव्हन ओट्यावर मावत न्हाय, उद्या त्याला फळी मारतो." ती आत जाऊन पुन्हा रडली, पण ते रडणं वेगळं होतं.

माझा संसार वाईट झाला नाही. माणूस बदलतं, हे बदलले. त्या दिवशी मी परतले नसते तर ही लेक मला झाली नसती, हेही मला कळतं, आणि तिच्याशिवायच्या आयुष्याची मला कल्पना करवत नाही. तुझ्यावर राग धरून हे लिहीत नाही. पण चुलीपुढं मी दिवसभर वाट बघत होते. तू एकदा विचारलं असतंस, तर मीही लेकीइतकंच चटकन 'न्हाय' म्हणाले असते. हे पत्र तुला पोचणार असतं, तर एवढं एक वाक्य मी लिहिलं नसतं.