घरट्याआडची फांदी

३ मार्च, सकाळी ६.
यंदा फोटो-स्पर्धेचं पहिलं बक्षीस आपलंच. विषय: पक्ष्यांचं कुटुंब. तळ्याकाठच्या झाडावर राखी बगळ्याचं घरटं, चार पिल्लं. संकल्प: लांबूनच फोटो. घरट्याला हात लावायचा नाही.

४ मार्च.
घरट्यापुढे नेमकी एक फांदी आडवी. दिवसभर पानांचेच फोटो आले. तळ्याच्या राखणदाराला विचारलं, छाटू का? म्हणाला, साहेब, पिल्लांना तेवढीच सावली आहे, राहू द्या. भला माणूस, पण कॉम्पोझिशन कळत नाही.

५ मार्च.
राखणदार जेवायला गेला तेव्हा छाटली. एकच. हात फांदीला लागला, घरट्याला नाही. संकल्प शाबूत.

७ मार्च, दुपारी १.
कमाल! बगळी भर उन्हात पिल्लांवर पंख पसरून तासभर उभी. मासे आणायलाही गेली नाही. माझ्यासाठी पोझ देतेय. ओळख झाली म्हणायची.

९ मार्च.
पिल्लं तीनच दिसली. चौथं मागे झोपलं असेल. छाटलेल्या खुंटावर कावळा बसलेला. फोटोत आला, एडिटिंगमध्ये पुसला. दोन मिनिटांचं काम.

१० मार्च.
कावळा पुन्हा. पुसला. बायको मागून बघत होती. म्हणाली, अहो, हा रोज इथेच का बसतो? म्हटलं, तुला त्यातलं टेक्निकल कळणार नाही.

१२ मार्च.
एकच पिल्लू. पण घाबरून फोटो सुधारत नाहीत. जुन्या फोटोंतली तीन पिल्लं चिकटवली. तरी घरटं उघडंबोडकंच वाटत होतं. मग फांदीही परत लावली, पानन् पान. साडेतीन तास गेले. बायको म्हणाली, झाडावर लावता येते का तशी? फोटो स्पर्धेला पाठवून दिला.

१५ मार्च.
घरटं रिकामं. उडाली असणार. दहा-बारा दिवसांत. हुशार जात. राखणदार आला. वाळलेली फांदी माझ्या गाडीच्या टपावर ठेवून निघून गेला.

२० मार्च.
पहिल्या पाचात! परीक्षकांचा मेल: कुटुंब अगदी जिवंत वाटतं, निकालाआधी मूळ फाइल पाठवा.
उघडली. फांदी नाही. पिल्लू एक, तेही मान टाकलेलं. कावळा तेवढा लख्ख. फोकस त्याच्यावरच बसला होता.
चार होती. फांदी मी छाटली.
संध्याकाळी ५. परीक्षकांना कळवलं, मूळ फाइल चुकून पुसली गेली.