माझ्या वाटची ओ

तीर्थस्वरूप ताई,

नमस्कार. डोकं पुढे केलंय, टपली मारायची तर मार.

मी मजेत आहे. जेवण बरं आहे, बोट लागून होणाऱ्या उलट्याही आता थांबल्यात. आमची धरून चार मित्रदेशांच्या चार युद्धनौका मिळून आम्ही मालवाहू जहाजांना सोबत करतो. मी वायरलेसवर असतो. परवा शेजारच्या नौकेने हाक मारली आणि माझ्या तोंडून घरच्यासारखी "ओ" गेली. सगळा ताफा हसला. आता ते परदेशी लोकही गमतीने "ओ"च म्हणतात.

काल एक अनोळखी युद्धनौका सरळ आमच्या रोखाने येत होती. मी हाक मारली, तर तिन्हीकडून लगेच ओ आली. त्या अनोळखी नौकेनेही ती ऐकली असणार, कारण मुकाट्याने वळून गेली. एक गोळीसुद्धा सुटली नाही, तेव्हा काळजी करू नकोस.

आईचे टाके सुकले का? तू नीट झोपतेस ना?

ताई, आईच्या ऑपरेशनसाठी सुट्टी मिळाली नाही हे मी खोटं सांगितलं. कप्तान स्वतःहून जा म्हणाले होते. मीच म्हणालो, "घरी ताई आहे." बाकीच्या तिन्ही नौकांनी काल असंच, "दुसरं कुणी आहे" म्हटलं असतं तर?

भाऊजींनी कळवलं. ऑपरेशननंतर शुद्धीवर येताना आई मला हाका मारत होती आणि माझा आवाज काढून तू ओ दिलीस. आता ती सगळ्यांना सांगते म्हणे, की मी आलो होतो.

तुझा,
न आलेला धाकटा