भिंतीपलीकडचे चार ठोके

४ मार्च, सोमवार

एक टाळी वाजवली तर तीन परत येतात. याला खोली म्हणायचं की विहीर? भाड्याने घेताना लंबूने, म्हणजे आमच्या गिटारवाल्याने, फक्त खिडकी बघितली. "हवा छान खेळते." हवा खेळते, आवाजही खेळतो! माझा एक फटका चार भिंतींवर आपटून परत येतो, तोवर पुढचा पडलेला असतो.

आणि तालीम संपल्यावर नणंदबाई काय म्हणाल्या? "वहिनी, तू पळतेस. दुसऱ्या कडव्यापासून लय सुटतेच तुझी." मी पळते! बावीस वर्षं ड्रम्स वाजवतेय मी. ही गायला लागली तेव्हा माइक तोंडापासून किती लांब धरायचा तेसुद्धा मीच शिकवलं हिला. खोली पळते, मी नाही.

६ मार्च, बुधवार

फोम आणला. मालकाने बजावलंय, भिंतीला एक खिळा दिसता कामा नये. म्हणून चिकटपट्टीने लावला. नवऱ्याने शिडी धरली आणि "वाकडं जातंय" हे सतरा वेळा सांगितलं. आता टाळी एकच ऐकू येते. जरा बरं वाटलं.

मग तालीम. वेगवान गाण्याचं दुसरं कडवं आलं, आणि पलीकडून भिंतीवर — ठक ठक ठक ठक. चार. मी थांबले नाही. उलट जोरात वाजवलं. थोड्या वेळाने परत चार! भरदुपारी कुणाची झोप मोडली आम्ही?

७ मार्च

परत ठकठक. संथ गाण्याला एकदाही नाही. वेगवान सुरू झालं की हजर. म्हणजे आवडनिवडसुद्धा आहे!

९ मार्च, शनिवार

भिंतीपलीकडची बाई जिन्यात भेटली. साठीच्या पुढची, चष्मा, हातात भाजीची पिशवी. तीस वर्षं टायपिंगचा क्लास घ्यायची म्हणे. मी अगदी सभ्यपणे विचारलं, आमचा त्रास होतो का तुम्हाला?

"मला कसला त्रास? चांगलं वाजवता तुम्ही."

मग भिंत कशाला ठोकता?

"मदत होते का बघत होते."

मदत! डोक्यात तिडीक गेली माझ्या. इतका गोड टोमणा मी सासरीसुद्धा कधी ऐकला नाही. वर हसून, पिशवी सावरत निघून गेली.

१० मार्च, रविवार

सुतारमिस्त्री आले. फोम बघून गालात हसले. "ताई, याने खोलीतला घुमारा मरतो. आवाज अडत नाही. आवाज अडवायचा तर वजन लागतं." हे मला आधी कुणी का नाही सांगितलं? फोम विकणाऱ्याने तर छातीठोकपणे सांगितलं होतं, बॉम्ब फुटला तरी कळणार नाही शेजारी.

मिस्त्री म्हणतात, टायपिंगवालीच्या भिंतीपासून चार बोटं सोडून लाकडी चौकट उभी करू. आत दगडी लोकर भरू, वर जिप्सम बोर्डचे दोन थर. भिंतीला खिळा नाही.

"म्हणजे आतलं बाहेर जाणार नाही ना?"

"आणि बाहेरचं आत येणार नाही."

तेच तर हवंय मला. करा म्हटलं.

१३ मार्च, बुधवार

माझ्या पाठीमागे ठरलंय नणंदेचं आणि लंबूचं! तीस तारखेच्या रेकॉर्डिंगला ड्रम्स मशीनचे लावायचे. "फक्त वेगवान गाण्यांना, वहिनी. रागावू नकोस ना." तीन गाण्यांपैकी दोन वेगवान आहेत. मग मी काय, एका संथ गाण्यात ड्रमवर ब्रश फिरवून घरी जाऊ? या ग्रुपचे ड्रम्स मी वाजवते. तेवढंच तर माझं स्वतःचं आहे. लोकर उचलून हातावर चट्टे माझ्या उठलेत, आणि माझ्या जागेवर बसणार मशीन!

लंबू म्हणाला, "मग कानात मेट्रोनोमची टिकटिक घेऊन वाजव." घड्याळ कानात कोंबून मी आयुष्यात वाजवलं नाही, वाजवणारही नाही. म्हटलं, भिंत होऊ दे, ती ठकठक बंद होऊ दे, मग वाजवून दाखवते. तेवीस तारखेपर्यंत मुदत दिलीय मला. नणंदेने! मुदत!

रडले थोडी. नवऱ्याला दिसू दिलं नाही.

१८ मार्च, सोमवार

भिंत झाली. दार लावलं तर स्वतःचा श्वास ऐकू आला. टाळी वाजवली — फट्, संपली. नवरा म्हणाला, "कानात कापूस घातल्यासारखं वाटतंय." त्याला काय कळतंय!

२३ मार्च, शनिवार

वाजवलं. ठकठक नाही, घुमारा नाही. मनासारखं वाजलं. मान वर केली तर दोघं एकमेकांकडे बघतायत.

नणंदेने रेकॉर्डिंग लावलं. "वहिनी, तूच ऐक. आधी निदान सुटलीस तरी सावरत होतीस. आज सुटलीस ती सुटलीसच."

आधी सावरत होते म्हणे! मी आधीही कधी सुटले नव्हते. इथल्या सगळ्या तालमींची रेकॉर्डिंगं आहेत माझ्याकडे. उद्या हेडफोन लावून एकेक ऐकते. हवं तर मेट्रोनोम शेजारी लावून ऐकते. मग देते पुरावा त्यांच्या तोंडावर फेकून.

२४ मार्च, रविवार

सगळी ऐकली. दोन-दोनदा.

प्रत्येक वेळी मी सुटते. दुसऱ्या कडव्यालाच. आणि सहा तारखेपासून नवी भिंत होईपर्यंत प्रत्येक वेळी पलीकडून चार ठोके येतात, बरोबर मेट्रोनोमवर, केसभरही इकडेतिकडे नाहीत. आणि पाचव्याला मी परत जागेवर.

ड्रम्सशेजारी एक खुर्ची नेऊन ठेवली आहे. आता पलीकडे जाऊन टायपिंगवालीला विचारायचं. कसं विचारतात, तेवढं सुचू दे.