चार ते आठचा पहारा

ह्यूटन,
२३ मे १९८७

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हे पत्र फक्त तुझ्यासाठी आहे. वाचून झालं की खणात ठेवू नकोस, शेगडीत टाक.

सर्किट्सच्या पेपरात मी नापास झाले. शंभरपैकी अडतीस. बाकीचे पाच विषय ठीक आहेत. २१ ऑगस्टला फेरपरीक्षा आहे. तीत साठ मिळाले नाहीत तर सप्टेंबरपासून इलेक्ट्रिकल विभागात मला जागा नाही. तू कारण विचारशील. मी आजारी नव्हते आणि प्रेमातही नव्हते. विषय समजत नव्हता, आणि समजत नाही हे मी कुणाला सांगितलं नाही, एवढंच.

बाबांना हे कळता कामा नये. मुलगी इंजिनिअर होते आहे, हे त्यांनी बोटीवर आचाऱ्यापासून कप्तानापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. वेळ आली की मी स्वतः सांगेन. तोवर तू शपथ घे. तुझ्या शपथेवर माझा विश्वास आहे, तुझ्या तोंडावर नाही.

पुढच्या शनिवारी दुपारच्या बसने येते. लोभ आहेच, या सुट्टीत तो जरा अबोल असावा.

तुझी,
पॉलेट

रॉजर्स सिटी,
४ जून १९८७

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

घरी येऊन पाच दिवस झाले. निकाल लागला. काळजीचं काही नाही.

घर ठीक आहे, दिवस ठीक नाहीत. काल मी साडेदहाला उठले. दीडला नाश्ता केला. तीन वाजता वाटलं की काहीतरी करायला हवं. ते काय असावं, याचा विचार पाचपर्यंत केला. मग आत्या रूबार्बच्या आंबट देठांची पाय-पेस्ट्री घेऊन आली आणि म्हणाली, कॉलेजात झोपायचा वेगळा वर्ग असतो का गं, की हे तू फावल्या वेळात शिकलीस?

आई होती तेव्हा सुट्टी आपोआप चालायची. सोमवारी धुणं, मंगळवारी वाचनालय, शुक्रवारी मासे, शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये नाच. वेळापत्रक कुठे लावलेलं नव्हतं. ते वेळापत्रक म्हणजे तीच होती, हे मला ती गेल्यावर तिसऱ्या वर्षी समजतं आहे.

बोटीवर सगळीकडे पाणीच असताना तुम्ही एक दिवस दुसऱ्यापासून वेगळा कसा ओळखता? जमेल तेव्हा लिहा. लोभात खंड नसावा, टपालात पडला तरी.

आपली,
पॉलेट

बोट 'एल्मर प्रेंटिस', सुपीरिअर सरोवर,
१३ जून

चि. पॉलेट हीस,
अ. उ. आ.

डेट्रॉइटला टपालाची होडी बाजूला लागली, आम्ही दोरीने बादली सोडली, आणि ती वर आली तेव्हा तुझं पत्र आचाऱ्याच्या मासिकाखाली दबलेलं होतं. आधी त्याने मासिक वाचलं, मग मला पत्र मिळालं. बोटीवरची प्रतिष्ठा अशी आहे.

तू विचारलंस ते सोपं आहे. आम्ही दिवस ओळखतच नाही, पहारा ओळखतो. माझा पहारा चार ते आठ. पहाटे चार ते आठ आणि दुपारी चार ते संध्याकाळी आठ. मन असो वा नसो, त्या वेळी सुकाणूवर उभं राहायचं. मधल्या आठ तासांत तू झोपलीस की पत्ते खेळलीस, कुणी विचारत नाही. सगळा दिवस भरायला जाणारा माणूस आठवड्याभरात वेडा होतो, मी पाहिले आहेत. तू पहाटेच्या पहाऱ्याला अवघड काम ठेव आणि संध्याकाळच्याला हातांना आवडेल ते.

निकाल लागल्याचं वाचलं. आमच्याकडे बोट लागली म्हटलं की कुठल्या धक्क्याला, तेही सांगतात. तू लिहिलं नाहीस. असो.

जेनेव्हिव आत्याला म्हणावं, ती पाय-पेस्ट्री बोटीवर पाठव, बादली रिकामीच खाली जाते. आशीर्वाद आहेतच, वाऱ्याची दिशा काहीही असो.

तुझा,
बाबा

रॉजर्स सिटी,
२५ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र १८ तारखेला मिळालं. १९ पासून पहारा सुरू केला. सात दिवसांत चौदा पहारे. तेरा पाळले, एका पहाटे झोपून राहिले. पहाटे पुस्तकं असतात. कोणती ते विचारू नका, सगळी निळीच आहेत.

संध्याकाळी आईचा अकॉर्डिअन. तळघरात सापडला. आतलं मेण वाळून भुगा झालं होतं आणि सूर देणाऱ्या धातूच्या अकरा पात्या मुक्या होत्या. पातीचं टोक खरवडलं की सूर चढतो, मूळ खरवडलं की उतरतो. एक पाती जुळायला साधारण एक पहारा लागतो. आत्या कुंपणापलीकडून ओरडून विचारते, गाय हरवली आहे की वासरू? तोच एक सूर तासभर ऐकून तिचं दूध नासतं म्हणे.

काम करताना हॉलमधले शनिवार आठवतात. तुम्ही सुट्टीवर असलात की सगळी रात्र आत्याबरोबर नाचायचात आणि ती तुमच्या पायांवर पाय द्यायची. आईबरोबर तुम्ही नाचलेलं मला एकदाही आठवत नाही. वाजवणारी तीच होती. तिला याचं कधी वाईट वाटलं का, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं.

तब्येत सांभाळा. आचाऱ्याला सांगा, पत्र आधी, मासिक नंतर. लोभ वाढायला जागा आहे, वाढवावा.

आपली,
पॉलेट

रॉजर्स सिटी,
६ जुलै

चि. चेस्टर यास
जेनेव्हिवचे अ. उ. आ.

मी एका गोष्टीची शपथ घेतली आहे, माता मरियेच्या तसबिरीवर हात ठेवून. म्हणून ती गोष्ट मी सांगणार नाही. शपथ घेतली आहे हे सांगायचं नाही, अशी मात्र शपथ नव्हती.

तुझी मुलगी पहाटे चारला उठते. तिचा दिवा मला माझ्या स्वयंपाकघरातून दिसतो. एकच निळं पुस्तक घेऊन बसते. परवा मी म्हटलं, अगं, झालेल्या पेपराचं पुस्तक पुन्हा कोण वाचतं? तर म्हणाली, छंद आहे. चेस्टर, तू माझा भाऊ असलास तरी तू काही कधी फार हुशार नव्हतास. पण एवढं तुला कळेल. कळलं तर ते तुझं तुला कळलं, मी सांगितलं नाही.

आणि रागावलास तर याद राख. पोरगी तुझ्यावरच गेली आहे. दाढ ठणकत असली तरी दंतवैद्याला हसून दाखवेल आणि परत येईल.

शेपू घालून काकड्या मुरवल्या आहेत, सहा बरण्या. तू येईपर्यंत किती उरतील ते सांगत नाही, त्याची मात्र शपथ नाही. बहिणीची आठवण ठेव, नाहीतर मी ठेवायला लावीन.

तुझी थोरली,
जेनेव्हिव

रॉजर्स सिटी,
१९ जुलै

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

४ जूनच्या पत्रात मी लिहिलं होतं की निकाल लागला, काळजीचं काही नाही. पहिलं वाक्य खरं होतं, दुसरं खोटं. सर्किट्समध्ये मला अडतीस मिळाले. २१ ऑगस्टला फेरपरीक्षा आहे. साठ हवेत, नाहीतर विभाग सोडावा लागेल. आत्याला मी शपथ घातली होती. तिला बोलू नका.

आज सांगण्याचं कारण हे. काल शेवटची पाती जुळली. मी आईची एक नाचाची धून, पोल्का, वाजवून पाहिली, वाईट वाजवली. आत्या कुंपणापाशी हात पुसत उभी राहिली आणि तिने एकही टोमणा मारला नाही. मग म्हणाली, चेस्टरला कळव. मी कळवायला बसले, आणि चांगलं तेवढं लिहून बाकीचं गाळणं जमेना. निम्मी नोंद ही नोंद नसते.

सध्या निम्मी उदाहरणं सुटतात. पास होईन की नाही ते सांगता येत नाही. तुम्ही बोटीवर सगळ्यांना माझ्याबद्दल सांगितलं आहे, त्याचं मला सगळ्यात वाईट वाटतं.

लोभ असावा, असं या वेळी सवयीने लिहीत नाही.

आपली,
पॉलेट

इंडियाना हार्बर,
२५ जुलै

चि. पॉलेट हीस,
अ. उ. आ.

बोट अचानक मिशिगन सरोवरात धाडली. दोन-तीन आठवडे डेट्रॉइट नाही, बादली नाही. माझं टपाल तिथे साचत असेल. तुझं काही त्यात असेल तर ते मी वाचलेलं नाही, हे लक्षात ठेवून पुढचं वाच. हे पत्र धक्क्यावरच्या पहारेकऱ्याकडे देतो.

तू तीन वर्षांची असताना, एकोणसत्तरच्या हिवाळ्यात, मी अधिकाऱ्याच्या परीक्षेला बसलो. त्यात सेंट मेरीज नदी कोऱ्या कागदावर आठवणीने काढावी लागते: प्रत्येक दिवा, वाट दाखवणारा प्रत्येक तरंगता बोया, प्रत्येक खडक. तुझी आई खाटकाकडून कागदाचा रोल आणायची आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरायची. मी काढायचो, ती नकाशाशी ताडून पाहायची. म्हणायची, चेट, तू एक अख्खं बेट बुडवलंस, तिथल्या गाईंचं काय होईल?

परीक्षेच्या दिवशी मी सगळी बेटं बरोबर काढली. पण नदी वर चढताना लाल बोये उजव्या हाताला असतात आणि उतरताना डाव्या. उतरायच्या वाटेवरही मी ते उजवीकडेच काढले, बाराच्या बारा. नापास झालो. घरी येऊन सगळे कागद शेगडीत घातले आणि तुझ्या आईला, आयरीनला, सांगितलं की पास झालो, पण मला सुकाणूच आवडतं. तिने गावभर तसंच सांगितलं. मी पुन्हा बसलो नाही, कारण पास झालेला माणूस पुन्हा कसा बसणार? अठरा वर्षं मी सुकाणूवर आहे. ते मला आवडतं, हे आता खरं आहे. तेव्हा नव्हतं.

तुला काही अवघड जात असेल तर पुस्तक मीट आणि कोऱ्या कागदावर सगळं आठवणीने काढ. हात जिथे अडेल तेवढंच शिकायचं उरलेलं असतं.

जेनेव्हिवने मला काहीही सांगितलेलं नाही. आशीर्वाद नेहमीपेक्षा थोडे जास्त.

तुझा,
बाबा

रॉजर्स सिटी,
३१ जुलै

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र काल मिळालं. माझं १९ जुलैचं पत्र डेट्रॉइटला पडून आहे. त्यातला मजकूर पुन्हा लिहीत नाही, एकदा लिहायलाच पुरेसा त्रास झाला. ते हाती आलं की आधी तारीख पाहा, मग मजकूर.

खाटकाकडे कागद मागितला. तो म्हणाला, आयरीनची मुलगी ना तू, आता तू पण नदी काढतेस का? मी म्हटलं, नाही, वीज.

कालपासून तीन वेळा सगळं काढलं. हात एकाच ठिकाणी अडतो. कॉइल आली की विजेचा दाब पुढे आणि प्रवाह मागे असतो. मी दर वेळी उलटं काढते. म्हणजे लाल बोये चुकीच्या हाताला. घराण्यातच आहे, असं दिसतं.

पहारा चालू आहे. संध्याकाळचा पोल्का आता आत्याला ओळखू येतो. इथून लोभ कमी होण्याचं काही लक्षण नाही.

आपली,
पॉलेट

बोट 'एल्मर प्रेंटिस',
२६ ऑगस्ट

चि. पॉलेट हीस,
अ. उ. आ.

तुझी दोन्ही पत्रं ११ तारखेला एकाच बादलीतून वर आली. आधी तारीख पाहिली. दोनदा पाहिली. मग मजकूर.

काल तू फोन ठेवल्यानंतर काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहितो. संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. मी सुकाणूवर होतो. घरचे फोन बोटींना जोडून देणाऱ्या गावच्या रेडिओ केंद्राने आमच्या बोटीला हाक मारली. घरून हाक आली की सगळ्या सरोवरातले लोक हातातलं काम थांबवतात, कारण रेडिओवर एकाचं बोलणं सगळ्यांना ऐकू जातं. तुझ्या आईने त्यामुळेच कधी फोन केला नाही. कप्तान हॅगर्टीने रिसीव्हर माझ्या कानाला धरला, आणि तू हवामान सांगावं तसं सांगितलंस: पहिल्या खेपेला अडतीस, दुसऱ्या खेपेला एकाहत्तर, साठ लागत होते. पहिला आकडा सांगायची तुला काहीही गरज नव्हती. म्हणून मीही म्हणालो, एकोणसत्तर साली मीसुद्धा नापास झालो होतो. हे तूही ऐकलंस.

तू ठेवलंस आणि एका कोळशाच्या बोटीवरून कुणीतरी विचारलं, अडतीस काय पकडले, मासे? दुसरा म्हणाला, माझ्या पोराला कुणीतरी हे ऐकवा रे, तो चौथ्या खेपेला आहे.

हॅगर्टीने रिसीव्हर जागेवर ठेवला आणि हळूच म्हणाला, चेट, एकोणसत्तरचं आम्हाला तेव्हाच माहीत होतं. आयरीनने त्याच आठवड्यात माझ्या बायकोला सांगितलं होतं. म्हणाली, पास झालेला माणूस कागद जाळत नाही. पण सुकाणू आवडतं म्हणतोय ना, तर आवडू दे. कुणी विचारलं तर तो पास झालाय.

माझ्या हातून बोट दोन अंश उजवीकडे गेली. हॅगर्टीने पाहिलं. मी सावकाश मार्गावर आणली.

सोळा वर्षं ती टेबलाच्या पलीकडे बसून माझ्याबरोबर जेवली, पॉलेट. एकदाही चेहऱ्यावर दाखवलं नाही.

पुढचं पत्र ह्यूटनला टाकतो. लोभ आहे. सगळ्या सरोवराने ऐकला तरी हरकत नाही.

तुझा,
बाबा